क्लीनरची जागा

मोटारीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका हा लेखनप्रकार मराठी समीक्षेने अद्याप विचारात घेतलेला नाही. तो घ्यावा असे सुचवण्याचे धाडस आम्हीही करणार नाही. पण गेली दीड वर्षे ज्या मोटारीतून आम्ही पेण ते रोहा असा प्रवास करतो, तिची जाडजूड पुस्तिका आम्ही साद्यंत वाचली आहे आणि तिच्या शैलीविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांला त्यामुळे प्राप्त झाला आहे असे आम्ही मानतो. या पुस्तिकेत दोन आवाज आहेत. एक स्तुतिपाठकाचा. तो मोठ्या अक्षरांत सांगतो की ही गाडी पुढच्या वाहनापासून आपण होऊन अंतर राखते, पट्ट्यांच्या मधोमध राहते, धडक होणार असे दिसताच स्वतः ब्रेक लावते. दुसरा आवाज कायदेपंडिताचा. तो प्रत्येक स्तुतीच्या खाली चौकटीत, बारीक टाइपात बोलतो. पाऊस असेल, धुके असेल, ऊन समोरून येत असेल, काच मळलेली असेल, रस्त्यावरचे पट्टे पुसलेले किंवा दुहेरी असतील, वळण असेल, चढ असेल, पुढे दुचाकी असेल, जनावर आडवे येत असेल, तर वर सांगितलेले घडेलच असे नाही. ही यादी प्रथम वाचली तेव्हा आम्हांला वाटले, हे तर आमच्याच रस्त्याचे वर्णन आहे. लेखकाने पेणला न येता केलेले.

मोटार आमची नव्हे. आमच्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यांची आहे. तेही पेणला राहतात. दिवा-रोहा गाडीच्या वेळा आमच्या तासिकांना मानवत नाहीत, म्हणून आठवड्यातून तीन दिवस आम्ही दोघे बरोबर जातो. कोरड्या हवेत, दिवसाउजेडी ते कधी कधी चक्र आमच्या हाती देतात. पावसात आणि रात्री ते स्वतः चालवतात आणि आम्ही त्यांच्या डाव्या हाताला बसतो. या डाव्या हाताच्या जागेविषयी पुढे येईलच.

रस्ता वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. जुना १७ क्रमांकाचा आणि आता ६६ क्रमांकाचा हा मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग पळस्प्याहून निघून कर्नाळ्याच्या खिंडीतून पेणला येतो. वडखळला अलिबागचा फाटा सुटतो, मग नागोठणे, पुढे सुकेळी खिंड, कोलाड, माणगाव. रोह्याला जायचे तर नागोठण्याहून भिसे खिंडीने आत शिरावे, नाहीतर कोलाडपर्यंत महामार्ग धरून तिथून वळावे. सगळे मिळून सुमारे ४० किलोमीटर. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले आमच्या वर्गात बसून पदवीधर होऊन गेली; आणि २०२५ च्या गणेशोत्सवातही माणगाव व इंदापूर इथली बाह्यवळणे पुरी व्हायची होती. या रस्त्यावर काँक्रीटचा एखादा टप्पा असा लागतो की परदेशात आल्यासारखे वाटावे, आणि तो संपतो तिथे पत्र्याचे एक पिंप आणि त्यावर चुन्याने काढलेला बाण असतो. बाण कधी डावीकडे असतो, कधी उजवीकडे, आणि वाऱ्याने पिंप फिरले असेल तर समुद्राकडे.

अशा रस्त्यावर ही साहाय्य करणारी मोटार.

‘साहाय्य’ हा शब्द आम्ही पुस्तिकेतूनच घेतला आहे आणि तो योग्य आहे. मोटारींच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये लावून दिल्या. आपल्याकडे २०२० नंतर ज्या मोटारी ‘अडास’ या आद्याक्षरी नावाने विकल्या जाऊ लागल्या, त्या फार तर दुसऱ्या पायरीवर उभ्या आहेत. दुसऱ्या पायरीचा अर्थ असा की वेग आणि दिशा या दोन्हींत यंत्र हात लावते, पण गाडी चालवणारा माणूसच राहतो. दुकानात मात्र ‘गाडी स्वतः चालते’ असे सांगितले जाते. मराठीच्या विद्यार्थ्याला यातला फरक चटकन कळावा. ‘चालणे’ या धातूचे प्रयोजक रूप ‘चालवणे’. चालते ती गाडी, चालवणारा वेगळा. प्रयोजक क्रियापदाचा कर्ता वाक्यातून काढून टाकला तरी तो कुठेतरी असावाच लागतो. पोलिसांच्या पंचनाम्यात तो सापडतोच.

साहाय्यक ही गोष्ट आपल्या रस्त्यांना नवी नाही. मालट्रकच्या डाव्या दरवाजाशी बसणारा क्लीनर (बोलीत त्याचा ‘किन्नर’ होतो, आणि त्या शब्दामागची देवलोकातली गायकमंडळी त्याला ठाऊक नसतात) हा या देशातला पहिला चालक-साहाय्यक. काचा पुसणे हे त्याचे नाममात्र काम. खरे काम डाव्या बाजूचे डोळे होणे. उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला डावीकडची सायकल, गटाराची कड, साकवाचा कठडा दिसत नाही; तो क्लीनर बघतो आणि दरवाजावर थाप मारून सांगतो. मागे घेताना तो खाली उतरून ‘आन दे, आन दे’ करत मागे चालतो आणि एका विशिष्ट क्षणी ‘बस्स’ म्हणतो. त्या ‘बस्स’वर आयुष्यभर विश्वास ठेवून ड्रायव्हर निवृत्त होतात. एस.टी.तल्या कंडक्टरची घंटा ही याच कुळातली. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोन अक्षरांची ती भाषा, पण तिच्यात संदिग्धता नाही.

मोटारीतल्या यंत्राची भाषा याहून समृद्ध आहे आणि म्हणूनच अवघड आहे. ते किणकिणते, चक्र थरथरवते, समोरच्या पडद्यावर पिवळे होते, मग तांबडे होते. सुरुवातीच्या दिवसांत आमची अवस्था कर्णासारखी झाली होती. शल्याने कर्णाचे सारथ्य पत्करले ते वाटेल ते बोलण्याची मुभा घेऊन, आणि मग रणभूमीवर सारा वेळ तो कर्णाला त्याची कुवत सांगत राहिला. त्या प्रकाराला ‘तेजोवध’ म्हणतात हे आपण शिकवतो. तो अनुभवायचा असेल तर वडखळच्या नाक्यावर संध्याकाळी सहा वाजता ही मोटार चालवावी. डावीकडून रिक्षा, उजवीकडून दुचाकी, पुढून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे वळणारा ट्रेलर. यंत्र एकाच वेळी सर्वांविषयी आक्षेप घेते. अशाने दोनच गोष्टी घडतात. माणूस वैतागून सगळेच बंद करतो, किंवा त्या किणकिणाटाला इतका सरावतो की खरा इशाराही त्याला पार्श्वसंगीत वाटू लागतो. दोन्ही वाईट, आणि दुसरी अधिक वाईट.

आमच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय केला तो शिक्षकी पेशाला साजेसा. त्यांनी आम्हांला प्रत्येक इंद्रिय वेगळे करून समजावले. समोरच्या काचेच्या वरच्या बाजूला, आरशामागे, एक कॅमेरा असतो. त्याला रंग आणि रेषा कळतात. पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये रडार असते. त्याला रेषा कळत नाहीत. वस्तू किती दूर आहे आणि ती जवळ येते आहे की लांब जाते आहे एवढे कळते. आम्ही म्हटले, “म्हणजे एक वाचतो आणि दुसरा चाचपतो.” ते म्हणाले, “अगदी बरोबर, सर. पण जो वाचतो तो रेषा वाचतो, रस्ता नाही. हे तेवढं विसरू नका.”

ते आम्ही विसरलो नाही, कारण त्याच जुलैत त्याचा दाखला मिळाला. रोह्याहून परतत होतो. नागोठणे मागे पडले होते, पाऊस धरून होता आणि समोरून येणाऱ्या हेडलाइटचे पाणी काचेवरून वाहत होते. एका ठिकाणी रस्ता डावीकडे वळवला होता. नव्या वळणावर पट्टा नव्हता. जुन्या, बंद केलेल्या मार्गिकेचा पांढरा पट्टा मात्र खोडायचा राहून गेला होता आणि ओल्या अंधारात तोच तेवढा ठसठशीत दिसत होता. तो सरळ जात होता, जिथे पिंपे मांडली होती आणि त्यांच्यामागे खणलेले होते. कॅमेऱ्याने तो पट्टा वाचला आणि चक्राला उजवीकडे हलकासा ओढा दिला. आम्हांला डावीकडून पिंपाचा पत्रा चमकलेला दिसला आणि तोंडातून शब्द गेला, “डावीकडे!” सहकाऱ्यांचे दोन्ही हात चक्रावर होते, त्यांनी ते वळवून घेतलेच होते. त्या ओढ्याला फारसा जोर नसतो, माणसाच्या मनगटापुढे तो हार मानतो, तशीच त्याची रचना असते. गाडी सुखरूप वळली. आणि वळताक्षणी यंत्राने आमच्यावर ओरडून घेतले: पट्टा ओलांडलात!

यंत्राने वाचलेले चूक नव्हते. पट्टा तिथे होता. चूक होता तो मजकूर. जुनी संहिता खोडल्याशिवाय तिच्यावर नवी लिहिली तर संशोधक काय करतो ते आम्ही वर्गात शिकवतो. तो हस्ताक्षर बघतो, शाई बघतो, आजूबाजूचा संदर्भ बघतो आणि कोणता थर ग्राह्य ते ठरवतो. समोरच्या ट्रकच्या चाकांनी पाडलेला चिखलाचा माग, पिंप, दूर हलणारी कामगाराची टॉर्च, हे सगळे त्या संध्याकाळचे संदर्भ होते. कॅमेऱ्याला त्यांपैकी एकही ग्राह्य नव्हता. ठळक होते ते त्याने प्रमाण मानले. ठळक तेच प्रमाण मानणारे वाचक आम्ही परीक्षेच्या मोसमात शेकड्याने पाहतो, त्यामुळे त्याचा राग मात्र येऊ शकला नाही.

त्या दिवसापासून पेण-रोहा मार्गावर पट्ट्यांच्या मध्ये ठेवणारी सोय आम्ही निघतानाच बंद करतो. धडक टाळण्यासाठी ब्रेक लावणारी सोय मात्र कधीही बंद करत नाही. ती बहुतेक वेळ गप्प असते आणि गरज पडलीच तर अर्धा सेकंद वाचवते. तिच्याकडून किती अपेक्षा करावी हेही ठरलेले आहे: वेग फार असेल तर टक्कर टळत नाही, तिचा जोर कमी होतो, एवढेच. शिवाय तिने अचानक ब्रेक लावला तर आपल्या मागे चिकटून येणाऱ्या खाजगी बसला ते ठाऊक नसते, म्हणून मागचा आरसा पाहत राहणे हे काम आणखी वाढते. पुस्तिकेतल्या स्तुतिपाठकाने काम कमी होईल असे म्हटले होते.

तिसरी सोय वेगाची. ठरवलेला वेग धरून ठेवणे आणि पुढे वाहन आल्यास त्याच्यामागे अंतर राखून चालणे, याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. याच्या मूळ कल्पनेचा जनक राल्फ टीटर हा अमेरिकन अभियंता वयाच्या पाचव्या वर्षापासून अंध होता. सांगतात ते असे, की त्याचे वकील मित्र गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी होई आणि ऐकू लागले की वाढे. शेजारी बसलेल्या या अंध माणसाला ते हेलकावे असह्य झाले. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर मोटारींत ते यंत्र प्रथम आले. ही कथा आम्हांला प्रिय आहे. डाव्या हाताला (त्यांच्याकडे उजव्या) बसलेल्या, चक्र हाती नसलेल्या आणि दिसतही नसलेल्या माणसाने चालवणाऱ्याच्या चित्ताची चंचलता ओळखली. बोलणारा हळू जातो, ऐकणारा वेगाने जातो, हे निरीक्षण एखाद्या नाटककाराला शोभावे असे आहे.

टीटरचे यंत्र चालवणाऱ्याच्या पायाची चंचलता दूर करते. चित्ताची दूर करत नाही; उलट तिला मोकळे रान देते. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यांवर नजर ठेवणाऱ्यांचे लक्ष का ढळते याचा शोध घेताना नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ केले. त्याचा काटा समान टप्प्यांनी पुढे जाई आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी दिसताच खूण करायची, इतकेच काम. १९४८ मध्ये त्याने प्रसिद्ध केले की पहिल्या अर्ध्या तासातच माणसे उड्या चुकवू लागतात. जिथे काहीच घडत नाही तिथे बघत राहणे हे माणसाला सर्वांत कठीण. पुढे १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज या विदुषींनी एक छोटा निबंध लिहिला, ‘आयर्नीज ऑफ ऑटोमेशन’. शीर्षकात ‘आयरनी’ हा आपल्या विषयाचा शब्द आलेला पाहून आम्ही तो मिळवून वाचला, आणि तो शब्द तिथे शोभेसाठी नाही हे कळले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: सोपे काम यंत्राकडे जाते, यंत्राला न जमणारे अवघड काम माणसाकडे उरते, आणि सोपे काम करताना येणारा सराव सुटल्यामुळे त्या अवघड कामाची माणसाची तयारी राहत नाही. वर त्याने यंत्रावर देखरेख करायची, म्हणजे मॅकवर्थचे घड्याळ बघायचे. नियतीचा उपरोध आपण शोकांतिकांत शिकवतो. हा कारखान्यांतला आणि विमानांतला उपरोध आहे, आणि तो आता मोटारीत येऊन बसला आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, जिथे पट्टे स्वच्छ आहेत आणि रस्ता कुंपणाच्या आत आहे, आम्ही दोघांनी एक खेळ करून पाहिला. याला प्रयोग म्हणणे हा आमच्या सहकाऱ्यांच्या विषयाचा अपमान होईल. एकाने चालवायचे, दुसऱ्याने मध्येच विचारायचे, आत्ता मागे पडलेला टँकर कोणत्या रंगाचा होता, त्याच्या मागे कोण होते. सगळ्या सोयी चालू असताना उत्तरे विरळ येत. बंद केल्या की येत. सोयी चालू, पण शेजारचा विचारतो आहे हे ठाऊक असले की पुन्हा येत. यावरून आम्ही एवढेच ठरवले की यंत्र चालू असताना शेजारच्याने झोपायचे नाही.

रेल्वेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. इंजिनात एक दक्षता-यंत्र असते. चालकाने ठरावीक काळात काहीच हालचाल केली नाही तर ते दिवा लावते, मग आवाज करते आणि तरीही उत्तर न आल्यास गाडी थांबवते. मोटारीतही याचे लहान भावंड आहे: चक्रावरून हात काही सेकंद निघाले की ती हात ठेवा म्हणते. पण या इशाऱ्याला फसवण्यासाठी चक्राला पाण्याची बाटली अडकवणारे, आणि चालकाची जागा सोडून शेजारी जाऊन बसल्याच्या चित्रफिती काढणारे वीर आपल्याकडे निपजले. हातांची हजेरी घेता येते, लक्षाची घेता येत नाही. ही अडचण कोणत्याही प्राध्यापकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आमच्या मार्गाकडे पुन्हा. पुढच्या वाहनामागे चालणाऱ्या सोयीत एक स्मृती असते. आपण ८० चा वेग ठरवून दिला आणि पुढे ४० ने चाललेला टेम्पो आला, तर गाडी ४० ने चालते. पण ८० विसरत नाही. नागोठण्याच्या फाट्याशी आपण रोह्याकडे वळायला लागलो आणि टेम्पो सरळ गेला, की रडारपुढे मोकळा रस्ता येतो आणि गाडीला तिचे ८० आठवतात. तिथे समोर असतात ते बाजार, शाळेतून सुटलेली मुले आणि रस्त्याच्या कडेने उलट्या दिशेने येणाऱ्या सायकली. म्हणून फाट्याच्या बरेच आधी ती सोय रद्द करावी लागते. वळताना पाय ब्रेकवर असणे पुरेसे नाही, मनात ती आठवण असावी लागते. वळणावरही तसेच. सुकेळी खिंडीत किंवा कर्नाळ्याला पुढचे वाहन वळणाआड गेले की ते रडारच्या अरुंद दृष्टीतून निसटते आणि गाडी उगाच उत्साही होते. याहून गंभीर गोष्ट उभ्या वाहनांची. चालत्या वाहनाचा माग काढण्यात तरबेज असलेली ही सोय, वेगात असताना, पुढे आधीपासून निश्चल उभे असलेले वाहन पुष्कळदा जमेस धरत नाही. रस्त्याकडेच्या खांबांना आणि फलकांना दर क्षणी ब्रेक लागू नयेत म्हणून स्थिर गोष्टी गाळण्याची तिला सवय लावलेली असते. आणि आमच्या महामार्गावर रात्री काय उभे असते? पंक्चर झालेला मालट्रक, मागचे दिवे विझलेले, इशारा म्हणून रस्त्यावर ठेवलेले चार दगड आणि एक फांदी. सळया भरलेला ट्रक असेल तर सळया फाळक्याच्या बाहेर हातभर आलेल्या. रडार फाळक्यापर्यंतचे अंतर मोजते, सळईच्या टोकापर्यंतचे मोजेलच असे नाही.

आमच्या वर्गातली निम्मी मुले दुचाकीवरून येतात. कोलाड-रोहा रस्त्यावर संध्याकाळी त्यांची रांग लागते; धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली पाळीही त्याच वेळी सुटते. एका दुचाकीवर तिघे, मागचा दिवा नाही, अंगावर काळा रेनकोट. महाविद्यालयाच्या शोकसभांपैकी किती या रस्त्याने आणल्या ते आम्ही मोजलेले नाही, पण अशा एका सभेत सहकारी आणि आम्ही शेजारी बसलो होतो आणि परतताना दोघेही बोललो नाही. दुचाकी ओळखणे यंत्राला मोटार ओळखण्यापेक्षा अवघड जाते, असे पुस्तिकेच्या चौकटीतला कायदेपंडित सांगतो. स्तुतिपाठक ज्याच्या सुरक्षिततेची ग्वाही देतो तो काचेच्या आत बसलेला आहे. बाहेरच्याशी त्याचा करार झालेला नाही. या मोटारीची जाहिरात पाहताना आम्हांला खटकते ते हे. जाहिरातीतल्या रस्त्यावर दुसरे कोणी नसतेच.

वैशेषिकांच्या परंपरेने ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला. घट नाही, हे भूतलाविषयीचे खरे ज्ञान आहे असे ते म्हणतात. रडारला अभाव कळत नाही. खड्डा हा अभाव आहे. तो परतून काही पाठवत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच महामार्गावर, आमच्याच जिल्ह्यात, महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल पुरात वाहून गेला. मुंबईकडे निघालेल्या दोन एस.टी. बसगाड्या त्या अंधारात गेल्या. चालक सराईत होते, रस्ता त्यांच्या पायाखालचा होता. पूल नाही, हे कळण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते, आणि आजची कोणतीही साहाय्यक मोटार त्या पावसात ते ओळखू शकली असती असे मानायला आधार नाही. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आले की दिवे जातात आणि दिसेनासे होतात, आणि त्याने पुढची वाहने रोखली, असे तेव्हा बातम्यांत आले होते. दिवे दिसेनासे होणे, हे त्याने वाचले. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे गेले. मोबाइलमधल्या नकाशावर तो रस्ता होता, असे सांगण्यात आले. तिथे दरवाजावर थाप मारणारे कोणी नव्हते.

चालवणे पूर्णपणे सोडून द्यायचे असेल तर त्याचीही सोय आमच्या परिसरात आहे. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते, आणि १९९९ पासून कोलाड ते गोव्यातील वेर्णे अशी मालट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी तिच्यावर धावली. ट्रक सपाट वॅगनवर चढवतात, चाकांना अडसर लावतात आणि ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून कोकण बघत जातात. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर खाजगी मोटारींसाठीही ती सेवा काढली गेली. तिला प्रतिसाद मात्र बेताचाच मिळाला. चक्र हातून सोडायला आपण तयार असतो, पण ते समोर दिसत राहिले पाहिजे, असा काहीसा आमच्या लोकांचा कल असावा.

तूर्त आम्ही डाव्या जागेवर खूष आहोत. निघण्यापूर्वी काचेचा वरचा भाग, कॅमेऱ्यापुढचा, आम्ही आतून आणि बाहेरून पुसतो. बंपरवरचा चिखल सहकारी काढतात. म्हणजे क्लीनरचे नाममात्र कामही आम्ही करू लागलो आहोत. वेगाची सोय फक्त दिवसा, कोरड्यात, वडखळच्या पुढच्या पुऱ्या झालेल्या काँक्रीटवर, आणि अंतर असेल ते सर्वांत मोठे. त्या अंतरात दर दोन मिनिटांनी कोणीतरी शिरते, गाडी पुन्हा मागे सरते, पुन्हा कोणी शिरते. सुरुवातीला याचा अपमान वाटायचा. श्रावणात तर पेणहून निघालेले मूर्तींचे टेम्पो पुढे असतात. प्लास्टिक पांघरलेले, पेंढ्यात बसवलेले वीस-पंचवीस गणपती, मागच्या फळीला धरून उभा असलेला एक मुलगा, आणि टेम्पोचा वेग ताशी वीस. खड्डा आला की मुलगा आत हात घालून एखादी सोंड सांभाळतो. मागून भोंगे वाजतात. सहकारी यंत्र बंद करून पाय ब्रेकवर ठेवतात, आम्ही डावीकडची कड बघतो, आणि तो मुलगा हाताने खूण करतो: थांबा, अजून नाही.